देव घडविणारी बाई : स्पेनच्या लुईसा रोल्दान

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या सभेत केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. तालुक्याच्या कचेरीत टेबलामागे बसून दुसऱ्यांचे अर्ज वाचायचे, त्यावर टिपणी लिहायची आणि कागद साहेबांच्या टेबलावर पाठवायचा, एवढेच माझे काम. शिक्षण म्हणाल तर एस. एस. सी. समितीने आज्ञा केली, की मूर्ती आणि मूर्ती घडविणारे यांच्याविषयी दोन शब्द बोला. आपल्या देवळाच्या पूर्वपीठिकेवर गुरुजी बोलले आहेत आणि त्यात मी भर घालावी असे काही उरलेले नाही. म्हणून मी एका मूर्तिकार बाईंविषयी बोलणार आहे. त्या आपल्या देशातल्या नव्हत्या, आपल्या धर्माच्याही नव्हत्या. त्यांचे नाव लुईसा रोल्दान. राहणार स्पेन देश, गाव सेव्हिल. त्यांनी जन्मभर ख्रिस्ती देवळांसाठी आणि राजासाठी मूर्ती घडविल्या, आणि त्यांना जाऊन तीनशेहून अधिक वर्षे झाली.

आता तुम्ही म्हणाल, या कारकुनाला ही बाई कुठे भेटली? तर माझी थोरली मुलगी चित्रकलेचा कोर्स करते. तिने एकदा मोबाईलवर एका मूर्तीचे चित्र दाखविले. अंगावर सोनेरी वेलबुट्टीचा झगा घातलेला एक साधू, तोंड किंचित उघडे, जणू आता काही बोलेल. मी विचारले, "हा फोटो कुणाचा गं?" ती म्हणाली, "आप्पा, फोटो नाही, लाकूड आहे. आणि एका बाईने केलंय." मग मी तिच्याकडून त्या बाईंची सगळी हकीगत वाचून घेतली. त्या हकीगतीत मूर्तींइतकेच अर्ज निघाले. राजाला केलेले, राणीला केलेले, तुंबलेल्या पगाराचे, राहत्या घराचे, शिध्याचे. अर्ज म्हटला की आम्ही कचेरीतली माणसे सावध होतो. तिथून माझा आणि लुईसाबाईंचा परिचय वाढला.

लुईसाबाईंचा बाप्तिस्मा, म्हणजे त्यांच्यातले बारसे म्हणा, ८ सप्टेंबर १६५२ रोजी सेव्हिल येथे झाला. काळ ध्यानात यावा म्हणून सांगतो, त्या वर्षी शिवाजी महाराज २२ वर्षांचे होते. सेव्हिल हे एके काळी फार श्रीमंत शहर. अमेरिकेतून येणारे सोने-चांदी तिथल्या नदीतून शहरात उतरायचे. पण १६४९ मध्ये प्लेगची साथ आली आणि त्यात शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गेली. नदीत गाळ साचू लागला आणि मोठी जहाजे हळूहळू समुद्रकाठच्या कादिझ बंदराकडे वळली. अशा उतरत्या काळातही एक धंदा तिथे चालू राहिला, तो मूर्तींचा. साथ येऊन गेली की माणसे देवाकडे अधिक वळतात, हे आपणही पाहिले आहे.

त्यांचे वडील पेद्रो रोल्दान हे शहरातले नामांकित मूर्तिकार. घरातच मोठा कारखाना होता. मुले, मुली, जावई, शिकाऊ पोरे, सगळी त्यात राबत. एक बहीण रंगकाम करी, एक बहीण मूर्तिकाम करी. मुलींना बाहेर कुणा उस्तादाकडे शिकायला ठेवण्याची चाल नव्हती, पण घरच्या कारखान्यात मुलगी राबली तर कोण विचारतो? कुंभाराच्या घरात पोरीबाळी माती तुडवतात, विणकराच्या घरात बायका कांड्या भरतात, पण दुकानावर पाटी पुरुषाची असते. तिथे तसेच होते. लुईसाबाई बापाच्या हाताखाली रेखाटणे शिकल्या, मातीचे नमुने करायला शिकल्या, लाकडावर पटाशी चालवायला शिकल्या.

हे लाकडाचे काम कसे असते ते सांगितल्याशिवाय या बाईंची करामत कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे देव पाषाणाचा असतो, धातूचा असतो. तिकडे सेव्हिलला देव लाकडाचा. देवदार, सुरू, पाइन अशी लाकडे. एका ओंडक्यातून अख्खी मूर्ती काढत नाहीत, कारण लाकूड वाळले की तडकते. अनेक तुकडे सरसाने जोडून, आतून पोकळ ठेवून मूर्ती उभी करतात. पोकळ असल्यामुळे ती हलकीही होते आणि मिरवणुकीत खांद्यावर नेता येते. तिकडे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मंडळांच्या मोठमोठ्या मिरवणुका निघतात. आपल्या पालखीला चार-आठ भोई लागतात, तिथल्या देव्हाऱ्याखाली पंचवीस-तीस माणसे मान वाकवून चालतात.

कोरीव काम झाले की त्यावर सरसात कालवलेल्या पांढऱ्या भुकटीचे लेप चढवायचे, एक वाळला की दुसरा. मग घासून काचेसारखे गुळगुळीत करायचे. जिथे वस्त्र दाखवायचे तिथे तांबडी माती लावून त्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा आणि अकीकाच्या दगडाने घोटायचा. त्या सोन्यावर पुन्हा रंग द्यायचा, आणि तो बारीक काडीने खरवडून नक्षी काढायची. खरवडले तिथे खालचे सोने चमकते. मला चित्रात दिसलेली वेलबुट्टी ती हीच. चेहरा आणि हातपाय यांचा रंग वेगळा, कातडीचा. डोळे काचेचे. रडणाऱ्या मेरीमातेच्या गालावर काचेचे अश्रूसुद्धा बसवीत. कोरणारा वेगळा आणि रंगविणारा वेगळा, असा तिकडच्या कारागिरांच्या संघांचा रिवाज होता. लुईसाबाईंच्या बहुतेक मूर्ती रंगविल्या त्यांचे दीर तोमास यांनी.

दीर म्हटले म्हणजे लग्न आले, आणि हे लग्न सरळ झाले नाही. कारखान्यात लुईस आंतोनिओ दे लोस आर्कोस नावाचा तरुण मूर्तिकार होता. लुईसाबाईंनी त्याच्याशी लग्न ठरविले. बापाने साफ नकार दिला. अभ्यासक म्हणतात, मुलगी गेली तर कारखान्यातला एक कसबी हात जाईल हेही त्या नकारामागे असावे. मला हे पटते, कारण फुकट राबणारे माणूस घरातून जाऊ द्यायला कोण तयार असतो? लुईसाबाई १९ वर्षांच्या. त्यांनी धर्मपीठाच्या न्यायाधीशाकडे दाद मागितली. चौकशी झाली, साक्षी झाल्या, आणि न्यायाधीशाच्या हुकमाने मुलीला बापाच्या घरातून काढून एका सोनेरी मुलामा करणाऱ्या कारागिराच्या घरी ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १६७१ रोजी, नाताळच्या दिवशी, लग्न लागले. आईबाप लग्नाला आले नाहीत.

बापाविरुद्ध जाऊ नये असे मानणारा मी माणूस आहे आणि माझ्याही घरात मुली आहेत, त्यामुळे ही हकीगत वाचताना मी बराच वेळ बापाच्याच बाजूने होतो. पुढची तीस वर्षे वाचल्यावर मात्र माझे मत राहिले नाही.

नवरा-बायकोने आपला स्वतंत्र कारखाना थाटला. मुले झाली आणि बरीचशी लहानपणीच गेली. पुढे मोठी झाली ती दोनच, एक मुलगा आणि एक मुलगी. लागोपाठ बाळंतपणे, लागोपाठ दुखवटे आणि मधल्या काळात पटाशी. कामे मात्र मिळत गेली. आता एक गोष्ट नीट ऐका. त्या काळच्या तिकडच्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करारनामा करता येत नसे. त्यामुळे मूर्ती घडवायच्या बाईंनी आणि करारावर सही नवऱ्याची. पुढच्या काळातल्या अभ्यासकांना यातून केवढा गोंधळ झाला असेल पाहा. कागद म्हणतो काम लुईस आंतोनिओचे, आणि मूर्तीवरचा हात म्हणतो लुईसाबाईंचे. जमिनीत जन्मभर बाई राबते आणि सातबाऱ्यावर नाव शोधले तर सापडत नाही, असे कागद मी रोज पाहतो, म्हणून मला हे समजायला वेळ लागला नाही.

कादिझच्या मोठ्या देवळात बांधलेल्या हातांच्या, काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूची एक मूर्ती आहे, १६८४ सालची. या मूर्तीच्या आत हाताने लिहिलेला एक कागद ठेवलेला सापडला. ही मूर्ती लुईसाबाईंनी पतीच्या साथीने घडविली, असा त्यात मजकूर आणि साल. बाहेरच्या करारावर नाव कुणाचेही असो, देवाच्या पोटात त्यांचे नाव होते. मूर्ती बंद केली, लेप चढविला, रंग दिला, आणि कागद आत राहिला तो राहिलाच. आवक-जावकेच्या वहीत नोंदलेले कागद वीस वर्षांत वाळवी खाते. हा कागद देवाने तीनशे वर्षे सांभाळला.

इथे मी थोडा विषय सोडून बोलतो, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपल्या देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी बसली आहे. अगदी योग्य झाले. ज्याने शंभर रुपये दिले त्याचेही नाव आहे. पण गाभाऱ्याची चौकट ज्या पाथरवटांनी घडविली, जे उन्हाळाभर पिंपळाखाली पत्र्याच्या सावलीत ठोकत बसले होते आणि ज्यांच्या घरच्या बायका पाणी मारून दगड घासत होत्या, त्यांचे नाव त्या पाटीवर नाही. पाटीवर तळाला चार बोटे जागा आहे, मी मोजून पाहिली. आणि त्यांचा शेवटचा हप्ता द्यायचा राहिला आहे, हे समितीच्या हिशेबात मीच लिहिलेले असल्यामुळे मला ठाऊक आहे. अध्यक्ष महाशयांनी मनावर घ्यावे एवढीच विनंती करतो आणि पुन्हा स्पेनला जातो.

कादिझच्या देवळातून आणि नगरपालिकेकडून कामे मिळाली म्हणून हे कुटुंब १६८६ च्या सुमारास तिकडे राहायला गेले. त्या शहराचे दोन रक्षणकर्ते संत आहेत, सेरव्हांदो आणि हेरमान, दोघेही सैनिक होते असे मानतात. त्यांच्या मूर्ती लुईसाबाईंनी १६८७ मध्ये नगरपालिकेच्या आदेशावरून घडविल्या. एवढ्या मोठ्या बंदराचे ग्रामदैवत घडवायला बाईला सांगितले, यावरून त्यांची कीर्ती कुठवर गेली होती ते दिसते.

तिथून पुढची मजल राजधानीची. १६८८-८९ च्या सुमारास नवरा-बायको मुलांना घेऊन माद्रिदला गेले. राजा होता दुसरा कार्लोस. हा राजा जन्मतः आजारी, नीट चालता-बोलताही न येणारा, पण मूर्तींची त्याला आवड. दरबारात क्रिस्तोबाल दे ओन्तान्योन नावाचे एक अधिकारी होते, त्यांनी लुईसाबाईंना आधार दिला. आणि १५ ऑक्टोबर १६९२ रोजी राजाने त्यांची राजदरबारच्या मूर्तिकार म्हणून नेमणूक केली. स्पेनच्या दरबारात हा मान मिळालेली ही पहिली स्त्री.

त्याच वर्षीची त्यांची मोठी मूर्ती एस्कोरियल येथील राजाच्या मठवाड्यात आहे. देवदूत मायकेल, माणसाहून उंच, पंख पसरलेले, अंगात चिलखत, हातात तलवार, आणि पायाखाली सैतान. आपल्याकडे देवी महिषासुराला पायाखाली घेते तो देखावा डोळ्यांपुढे आणा. देवदूताचा झगा वाऱ्याने उडतो आहे आणि चेहरा मात्र शांत आहे. सगळा राग, सगळी धडपड खालच्या सैतानाच्या तोंडावर. लोक अशी कथा सांगतात, की देवदूताला बाईंनी आपला चेहरा दिला आणि सैतानाला नवऱ्याचा. खरे-खोटे देव जाणे. (समोरच्या भगिनी हसत आहेत. म्हणजे कथा सगळीकडे सारखीच लागू पडते.)

नेमणुकीचा कागद मिळाला, पण त्या कागदाबरोबर पगार नव्हता. इथून अर्जांना सुरुवात होते. राजाची तिजोरी त्या काळात रिकामी पडली होती. लढायांनी खाल्ली होती, कर्जाने खाल्ली होती, आणि दरबारच्या नोकरांचे पगार वर्षानुवर्षे तुंबत असत. बाईंनी वाड्याच्या आवारातल्या एका इमारतीत राहायला खोल्या मिळाव्यात म्हणून अर्ज केला. पगार मिळावा म्हणून अर्ज केला. नवऱ्याने स्वतःला दरबारात काही नोकरी मिळावी म्हणून अर्ज केले. १६९५ मध्ये बाईंना वर्षाला १०० दुकात इतका तनखा मंजूर झाला. पण मंजुरी वेगळी आणि हातात पैसे पडणे वेगळे, हे इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी ज्यांनी अनुदानाचे फॉर्म भरले आहेत त्यांना मी सांगायला नको.

तनखा वेळेवर मिळेना म्हणून अर्ज चालूच राहिले. राणीला केलेल्या अर्जांत त्या लिहितात, की मी गरीब आहे, मला दोन मुले आहेत, कित्येक दिवस घरात रोजच्या जेवणाचीही सोय नसते. कपडे द्या, नाहीतर काही मदत द्या, जे योग्य वाटेल ते द्या. राजदरबारच्या मूर्तिकार बाईंचा हा अर्ज! ज्या हातांनी सोन्याचा वर्ख लावण्याजोगे देव घडविले, त्याच हातांनी.

मी नोकरीला नवा लागलो तेव्हाची आठवण सांगतो. कचेरी कोणती ते सांगत नाही. एका म्हाताऱ्या बाईने अर्जात लिहिले होते, की दोन दिवस चूल पेटली नाही. मी तो वाचला आणि रिवाजाप्रमाणे समासात "योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर" असे लिहून पुढच्या टेबलावर ढकलला. कागद किती टेबले फिरला ठाऊक नाही. चार महिन्यांनी परत माझ्याकडे आला तेव्हा त्यावर सात सह्या होत्या आणि बाई हयात नव्हती. लुईसाबाईंचा अर्ज वाचताना मला त्या सात सह्यांतली माझी सही आठवली. माद्रिदच्या दरबारात माझ्यासारखाच कुणी कारकून असणार. त्यानेही समासात काहीतरी लिहिले असेल.

या हलाखीतही काम थांबले नाही, आणि माझ्या मुलीच्या मते या काळातले काम सगळ्यात सुंदर आहे. मोठ्या मूर्तींना लाकूड लागते, जागा लागते, माणसे लागतात. म्हणून असेल किंवा घराघरांत देव्हाऱ्यासाठी लहान मूर्तींना मागणी होती म्हणून असेल, त्या भाजलेल्या मातीचे लहान देखावे करू लागल्या. मेरीमाता बाळाला घेऊन वाटेत विसावली आहे, भोवती देवदूतांची पोरे खेळत आहेत. संत मेरी मॅग्दालेन मरणशय्येवर आहे आणि देवदूत तिला सावरीत आहेत. एकेक देखावा जेमतेम हात-दीड हाताचा. त्यात गालावरची लाली, पानाफुलांचा तपशील, बाळाच्या मुठीच्या खळ्या, सगळे रंगीत. आपल्या गौरी-गणपतीची आरास डोळ्यांपुढे आणा, मात्र दहा दिवसांची नव्हे, कायमची. पोटची इतकी मुले गेलेल्या बाईने मातीची बाळे कशी केली असतील, हे मी पुरुषमाणसाने काय सांगावे!

आणि या मातीच्या कामांवर त्या आपली सही करीत. नुसते नाव नव्हे, नावापुढे राजदरबारच्या मूर्तिकार हा किताबही लिहीत. किताबाने पोट भरले नाही, पण किताब त्यांनी सोडला नाही. आज त्यांची कामे ओळखता येतात त्याचे एक मोठे कारण या सह्या आहेत.

राजासाठी त्यांनी खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची एक लाकडी मूर्ती घडविली होती. १ नोव्हेंबर १७०० रोजी राजा वारला, आणि मूर्ती बाईंच्या घरीच राहिली. पालोमिनो नावाचे दरबारातले एक चित्रकार होते, त्यांनी पुढे १७२४ मध्ये स्पेनच्या चित्रकार-मूर्तिकारांची चरित्रे प्रसिद्ध केली. त्यात ते सांगतात, की बाईंच्या घरी ही मूर्ती पाहताच त्यांना उभे राहणे अनुचित वाटले, गुडघे टेकावे असे झाले. समोर राजाही नव्हता, पुजारीही नव्हता, देऊळही नव्हते. कारागिराचे घर, त्यात लाकडाचा भुसा पडलेला, आणि तिथे एका जाणत्या चित्रकाराला हात जोडावेसे वाटले. प्राणप्रतिष्ठा मंत्रांनी होते हे खरेच, पण त्याआधी कारागिराच्या हातून काहीतरी होत असावे, असे मला हे वाचल्यापासून वाटते. ती मूर्ती आज कुएंका प्रांतात सिसांते नावाच्या लहान गावी, जोगिणींच्या मठात आहे.

नवा राजा आला, पाचवा फिलिप. नवा साहेब आला की जुन्या माणसाने पुन्हा ओळख करून द्यायची, ही रीत सगळीकडची. बाईंनी नव्या राजाला मातीचे दोन देखावे भेट दिले आणि पुन्हा अर्ज केला, की मला पूर्वीचे पद द्यावे, राहायला जागा आणि शिधा द्यावा. ऑक्टोबर १७०१ मध्ये पद पुन्हा मिळाले. त्या भेटींपैकी येशूला समाधीत ठेवण्याचा देखावा अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६ मध्ये घेतला. त्यातले सोन्याचे आणि रंगांचे काम अजून शाबूत आहे.

त्यांच्या शेवटाचे सांगण्याआधी त्यांच्या नावाचे पुढे काय झाले ते सांगून घेतो. बापाचे नाव मोठे, त्यामुळे पुष्कळ मूर्ती बापाच्या नावावर गेल्या. काही नवऱ्याच्या. आणि उलटही झाले. सेव्हिलच्या लोकांचे तिच्यावर इतके प्रेम, की कर्ता ठाऊक नसलेली सुंदर रडती मेरीमाता दिसली की ती "ला रोल्दाना"ची, म्हणजे रोल्दानबाईंची, असे म्हणायची चाल पडली. माकारेना नावाची त्या शहराची लाडकी मेरीमाता आहे, आपल्या पंढरीच्या विठोबासारखी सगळ्यांच्या तोंडी असलेली. ती बाईंनीच घडविली असे पुष्कळ लोक मानतात, पण त्याला कागदाचा आधार नाही. गेल्या काही दशकांत मात्र अभ्यासकांनी जुनी दप्तरे चाळून, करार, अर्ज, देवळांच्या नोंदी काढून, बाईंचे काम निवडून वेगळे केले. २००७ मध्ये सेव्हिलला त्यांच्या मूर्तींचे मोठे प्रदर्शन भरले, आणि २०२४-२५ मध्ये वालादोलिद येथील राष्ट्रीय शिल्प संग्रहालयात. माझ्या मुलीने मोबाईलवर दाखविलेला तो वेलबुट्टीच्या झग्यातला साधू म्हणजे संत हिनेस. तो आता लॉस एंजलिसच्या गेटी संग्रहालयात उभा आहे.

आता शेवट. जानेवारी १७०६. बाई ५३ वर्षांच्या, माद्रिदमध्ये, आजारी. तिकडे मरणापूर्वी मृत्युपत्र करण्याची पद्धत. ज्याच्याजवळ द्यायला काहीच नसे तो गरिबीचे प्रतिज्ञापत्र करी. लुईसाबाईंनी ते केले. दोन राजांच्या दरबारच्या मूर्तिकार, आणि मृत्युपत्र करण्याजोगी चीजवस्तू जवळ नाही. १० जानेवारी १७०६ रोजी त्या वारल्या.

त्याच दिवशी, १० जानेवारीलाच, तिकडे इटलीत रोम शहरी संत ल्यूक यांच्या नावाच्या कलापीठाने आपल्या मानकरी सभासदांत त्यांचे नाव दाखल केले. हे कलापीठ म्हणजे त्या काळच्या चित्रकार-मूर्तिकारांची एक मोठी सभा. रोम ते माद्रिद टपाल पोचायला त्या दिवसांत काही आठवडे लागत. कागद निघाला तेव्हा घेणारे माणूस राहिले नव्हते.

माझी वेळ संपत आली आहे, आणि भजनी मंडळ मागे तयार बसले आहे.